पितरांची तहान

आखाजीची घागर आदल्या रात्रीच पाण्यात बुडवून ठेवायची असते. बाजारातून आणलेली कोरी घागर सणाच्या सकाळी थेट भरली, तर ती आधी स्वतःच पाणी पिते. तासाभरात पातळी दोन-चार बोटं उतरते, बुडाखाली ओल पसरते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, कुंभाराने गळकी दिली. ती गळकी नसते, कोरडी असते. रात्रभर बादलीत राहिली, बुडबुडे यायचे थांबले, म्हणजे मातीचं पोट भरलं. गळकी ओळखायची ती विकत घेतानाच. बोटाच्या पेराने ठोकून पाहायचं. खणखणीत वाजली तर भाजणी नीट झालेली. भद्द वाजली तर कुठेतरी बारीक तडा आहे, नाहीतर भट्टीत ती कच्ची राहिलेली आहे.

वैशाख शुद्ध तृतीयेला खान्देशात पारा ४२-४४ अंशांवर असतो. इतरत्र बहुतेकांना हा दिवस अक्षय तृतीया म्हणून, सोनं घ्यायचा मुहूर्त म्हणून माहीत असतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ती आखाजी. दिवाळीच्या तोडीचा सण, आणि मुळात पितरांचा. सकाळी उंबरठा धुऊन त्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवत जायचं आणि प्रत्येक बोटाला एकेका पूर्वजाचं नाव घ्यायचं. मग घागर मांडायची. तिचं बूड गोल, फरशीवर ती कलते, म्हणून खाली गव्हाची किंवा वाळूची बैठक हवी. आत पाणी आणि वाळ्याची मूठभर जुडी. वाळा आधी दोन-तीन पाण्यांतून धुवावा लागतो, कारण ती मुळं आहेत आणि मुळांना माती असते. घागरीच्या तोंडावर मातीचं छोटं पात्र, त्यावर खरबूज, दोन सांजोऱ्या, दोन आंबे. खरबुजाला इकडे डांगर म्हणतात. देशावरच्या माणसाला डांगर म्हटलं की लाल भोपळा आठवतो आणि घोटाळा होतो. डांगर लहानच निवडावं. मोठं ठेवलं की डोलारा वरून जड होतो आणि पूजेच्या ऐन मध्ये घरंगळतो.

सांजोरीचं गणितही सोपं नाही. रवा तुपावर खमंग भाजायचा, गुळाच्या किंवा साखरेच्या पाण्यात शिजवून सांजा करायचा आणि तो पूर्ण गार होऊ द्यायचा. घाई केली, सांजा कोमट असतानाच भरला, तर आतली वाफ तेलात पारी फोडते आणि सगळी कढई काळवंडते. पुरणपोळीला इकडे खापर लागतं. उलटं घातलेलं, चुलीवर तापलेलं मातीचं मोठं खापर. पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठी करायची आणि अलगद त्यावर टाकायची. पुरण ओलसर राहिलं तर ती हातावरच फाटते. डाळ शिजवून काढलेल्या पाण्याची रशी, आंब्याचा रस, कुरडया, पापड, भजी. सगळं झालं की पहिला घास चुलीतल्या विस्तवावर. पितरांना जेवायला बोलवायचं ते असं. मग घरचे जेवतात.

इतक्या बारकाईने हे सांगायचं कारण असं की, जगणं त्यातल्या कष्टांच्या लायकीचं आहे का, या प्रश्नाचं खान्देशाचं उत्तर कुठल्या ग्रंथात शोधण्याआधी या मांडणीत शोधावं असं मला मनापासून वाटतं.

परलोकाची कल्पना माणसाने बहुतेक वेळा भरपाई म्हणून केली आहे. इथे सोसा, तिथे मिळेल. शेतकऱ्याला हा हिशेब नवा नाही. या साली कपाशी गेली, पुढच्या साली निघेल; पुढच्या साली नाही निघाली तर त्याच्या पुढच्या. त्याच ओळीत शेवटी एक साल असं लिहायचं की जे मेल्यावर येतं आणि सगळी तूट भरून काढतं. यात आधार आहे, हे मी नाकारत नाही. पण घागरीचा व्यवहार बरोबर उलटा आहे. इथे मेलेला माणूस इथलंच पाणी मागायला परत येतो. त्याच्यासाठी मांडलेल्या वस्तूंत एकही स्वर्गीय वस्तू नाही. वैशाखातलं गार पाणी, वाळ्याचा वास, तापीच्या वाळूत पिकणारं डांगर, नवा आंबा, तळणीतून नुकती काढलेली सांजोरी. म्हणजे तो जिथे गेला आहे तिथे हे नाही. तिथे कमतरता आहे, आणि ती इथूनच भरून निघते.

ज्यांनी ही रीत घडवली त्यांना कष्ट ठाऊक नव्हते असं कोण म्हणेल? तरीही त्यांना मेलेल्याची कल्पना सुटलेला, निवांत झालेला अशी करता आली नाही. त्यांनी तो तहानलेला कल्पिला.

याचं मूळ पाहायचं तर दहा दिवसांच्या क्रियेकडे जावं लागतं. गरुडपुराणाच्या उत्तरकार्यात वाचल्या जाणाऱ्या भागात, दाहाने देह गेल्यावर जीवाला पुढच्या वाटेसाठी हातभर लांबीचा नवा देह कसा मिळतो ते सांगितलं आहे. तो देह पिंडांनी घडतो. पहिल्या दिवसाच्या पिंडाने डोकं, दुसऱ्याने मान आणि खांदे, तिसऱ्याने हृदय, चौथ्याने पाठ, पाचव्याने नाभी, सहाव्याने कंबर, सातव्याने मांड्या, आठव्याने गुडघे, नवव्याने पावलं. आणि दहाव्या पिंडाने भूक आणि तहान. हा शेवटचा अवयव. बाकी सगळं शरीर तयार असूनही तोवर ते जिवंत झालेलं नसतं. भूक-तहान लागली की मगच तो वाटेला लागू शकतो. वाट ८६,००० योजनांची सांगितली आहे आणि तिला एक वर्ष लागतं. मला ही यादी त्या पुराणातल्या सगळ्या नरकवर्णनांपेक्षा खरी वाटते. तिच्यात असणं म्हणजे काय याची व्याख्याच आहे: असणं म्हणजे काहीतरी हवं असणं.

आता रोजचा एक पिंड कुणी देत नाही. दहाव्या दिवशी नदीकाठी दहाही पिंड एकदम होतात. गावाकडे पिंडाचा भात शिजवणाऱ्याला एक गोष्ट नेमकी कळलेली असते: मोकळा भात चालत नाही. रोजच्यापेक्षा पाणी जास्त घालून तो गिचका शिजवायचा, हाताला सोसेल इतका गरम असतानाच तीळ घालून मळायचा आणि गोळे बांधायचे. गार झालेल्या भाताचा गोळा दर्भावर ठेवला की फुटतो, आणि फुटलेला पिंड पाहून आधीच हललेल्या घराचा धीर सुटतो. शिवाय एक दगड लागतो, जीवखडा. स्मशानात मडक्याला भोकं पाडली तो हाच. दहा दिवस तो जपून ठेवायचा, त्यावर तिळाचं पाणी सोडायचं. गर्दीत तो हरवतो, हा नेहमीचा गोंधळ. म्हणून जाणती माणसं तो पहिल्याच दिवशी फडक्यात बांधून एकाच माणसाच्या स्वाधीन करतात.

मग कावळा.

पिंड मांडून सगळे मागे सरतात आणि वाट पाहतात. कावळा शिवला तर जीव तृप्त. नाही शिवला तर काहीतरी राहिलं आहे. कावळा न येण्याची साधी कारणं पुष्कळ असतात. विधी लांबून ऊन चढलेलं असतं आणि कावळे सावली धरून बसतात. माणसं पुरेशी मागे सरत नाहीत. घाटावरची मोठी झाडं तोडलेली असतात. त्याच सकाळी शेजारी दुसरे दोन दहावे असतात आणि कावळ्यांची पोटं भरलेली असतात. म्हणून विधी सकाळी लवकर ठेवावा आणि माणसं निदान २०-२५ पावलं मागे न्यावीत. एवढ्यानेही नाही जमलं तर शेवटी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात आणि पुढे जातात. शास्त्राने ती सोय ठेवली आहे, आणि ती वापरण्यात काही उणं नाही.

पण दर्भाच्या कावळ्याआधी जे घडतं ते फार महत्त्वाचं आहे. घरातला कर्ता माणूस पुढे होतो, हात जोडतो आणि गेलेल्याशी बोलतो. इकडे अहिराणीतच बोलतो. “आंडेरनं लगन आम्ही करसूत.” तुमच्या लेकीचं लग्न आम्ही करू. विहिरीचं काम पुरं करू. धाकट्याला शेतातून बेदखल करणार नाही. जिजीला अंतर देणार नाही. बैल विकणार नाही. जमलेले लोक अंदाज करत जातात: याचा जीव कशात अडकला असेल? आणि जे जे सुचवलं जातं ते सगळं इथलं असतं. विहीर, लेक, म्हैस, भावांचं भांडण, अर्धं राहिलेलं घर. तुम्हाला मोक्ष मिळेल, काळजी करू नका, असं काही कुणी त्या घडीला म्हणत नाही. जाणाऱ्याला ज्याने आयुष्यभर छळलं, तेच त्याला सोडवत नाही, असं सगळे धरून चालतात. लेकीच्या लग्नाची चिंता हा कष्टच होता. विहिरीचं कर्ज हाही कष्टच. लोक हे जाणतात आणि तरीही तेच त्याचं प्रेम होतं हेही जाणतात. कष्ट एका पारड्यात आणि सुख दुसऱ्या पारड्यात टाकून जगण्याचं वजन करायला बसलं की हीच अडचण येते. विहीर कुठल्या पारड्यात टाकायची?

बाराव्या दिवशी सपिंडीकरण होतं. इकडे पत्रिकेवर बहुतेक वेळा गंधमुक्ती किंवा उत्तरकार्य असा शब्द असतो. त्यात गेलेल्याच्या पिंडाचे तीन भाग करून ते बाप, आजा आणि पणजा यांच्या तीन पिंडांत मिसळतात. आता तो प्रेत राहिला नाही, पितर झाला. आणि त्याच क्षणी रांगेतला सगळ्यात जुना पितर पिंडाच्या हक्कातून बाहेर पडतो. त्याच्या मागच्यांना लेपभागी म्हणतात: पिंड मांडून झाल्यावर हाताला चिकटलेली शितं दर्भाला पुसतात, तेवढाच त्यांचा वाटा. किती अचूक आहे हे! आखाजीच्या उंबरठ्यावरही असंच होतं. बापाचं नाव, आज्याचं नाव, पणज्याचं नाव सहज येतं. आज्या-पणज्यांच्या बायकांची नावं थोडी आठवावी लागतात (ती आठवावीत, त्यांनीच त्या सांजोऱ्या आयुष्यभर तळल्या). चौथ्या पिढीला बोट अडखळतं आणि मग ‘बाकी सगळे पितर’ म्हणून एक बोट उमटतं. ज्याला आपण अमरत्व म्हणतो त्याची या रीतीतली मुदत तीन पिढ्यांची आहे. ती मला थोडी वाटत नाही.

सगळ्या घरांत घागर भरत नाहीत, हेही सांगायला हवं. महानुभाव उपदेशी घरांत श्राद्ध-पिंड नाही. त्यांच्या विचारात मनुष्यजन्म ही परमेश्वराकडे जाण्याची संधी आहे आणि देवतांची फळं नाशवंत. मुसलमान शेजाऱ्याच्या दृष्टीने हे जगणं परीक्षा आहे आणि कबरीतच पहिले प्रश्न विचारले जातात. बौद्ध वस्त्यांत तर नकार स्पष्ट आहे. १९५६ साली नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी सहावी श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याचीच आहे. त्या नकारामागे मोठा इतिहास आहे. ज्यांना जिवंतपणी गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, त्यांनी मेलेल्यांच्या पाण्याचे विधी का सांभाळावेत? घागरीचा गौरव करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. पितराची तहान कळते आणि दाराबाहेरच्या जिवंत माणसाची कळत नाही, अशी घरं खान्देशातही होती.

बुद्धाचं उत्तर घागरीच्या उत्तराला सरळ आव्हान देतं. जळगावहून दीड-दोन तासांवर अजिंठा आहे. तिथल्या १७ क्रमांकाच्या लेण्याच्या व्हरांड्यात डावीकडच्या भिंतीवर भवचक्राचं चित्र आहे, आता बरंच झिजलेलं. जन्म, हवं-नकोपण, जरा, मरण आणि पुन्हा जन्म, असं चाक. त्या विचारात तहान हाच रोगाचा उगम. पालीतला तण्हा हा शब्द आणि आपली तहान एकाच मुळाच्या. म्हणजे गरुडपुराण ज्याला शेवटचा अवयव म्हणून जोडतं, तेच बुद्ध गाठ म्हणून सोडवायला सांगतो. दोघांचं निदान एकच आहे. पुढे काय करायचं यात ते वेगळे होतात. मला दोन्हींत खोटं काही दिसत नाही. पण तहान नाहीशी करण्याची वाट फार थोड्यांची. बाकीच्यांना एकमेकांची तहान भागवण्याचंच काम उरतं.

खान्देशात या प्रश्नावरची सगळ्यात मोठी कथा मात्र तापीकाठची आहे. मुक्ताईनगर तालुक्यात तापी आणि पूर्णा मिळतात तिथे चांगदेव हे गाव आहे, चांगदेवांचं जुनं दगडी मंदिर आहे. कथा अशी की चांगदेव योगी. मृत्यू जवळ आला की ते प्राण ब्रह्मांडी चढवून बसत, वेळ टळली की पुन्हा देहात येत. असं करत ते १४०० वर्षं जगले. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्यांनी पत्र लिहायला घेतलं. मायना काय घालावा, वडीलधाऱ्याचा की लहानाचा, ते ठरेना. म्हणून पत्र कोरंच पाठवलं. ते पाहून मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल ६५ ओव्या लिहिल्या. तीच चांगदेव पासष्टी. पुढे चांगदेवांनी मुक्ताबाईलाच गुरू केलं.

आणि ती मुक्ताबाई किती जगली? शके १२०१ ते शके १२१९, म्हणजे १२७९ ते १२९७. अठरा वर्षं. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत पडलेलं घर, लहानपणीच गेलेले आईबाप, मग एकामागून एक समाधी घेतलेले दोन भाऊ. शेवटी याच तालुक्यात, मेहूणजवळ तापीच्या काठी वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली, असं वारकरी सांगतात. आजही आषाढीला तिची पालखी इथून निघून महिनाभर चालत पंढरपूरला पोचते. लोकांनी या दोघांची गाठ घालून दिली, हे फार विचारपूर्वक घडलं असावं. एका बाजूला मरण टाळण्यातच ज्याचं जगणं संपलं तो माणूस, दुसऱ्या बाजूला हाल सोडून फारसं काही वाट्याला न आलेली पोर. जगणं लायकीचं आहे का हे मोजायला लांबी आणि सुख हीच मापं असती, तर तिचं आयुष्य दोन्हींत नापास होतं. लोकांनी गुरुपण मात्र तिला दिलं.

हे सगळं ज्याच्या घरी आज चूल पेटली आहे त्याला सुचतं, असं कुणी म्हणेल. ते मला मान्य आहे. म्हणून कष्टाकडे सरळ पाहू.

रावेर-यावलकडची केळी घ्या. मे-जूनमध्ये घड भरत आलेला असतो, २०-२५ किलोंचा. केळीचं खोड म्हणजे लाकूड नव्हे. पानांच्या देठांची एकावर एक गुंडाळी, आणि तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. वरती पानांची शिडं आणि एका बाजूला लोंबणारं वजन. पावसाआधीचं वादळ आलं की बाग पंधरा मिनिटांत आडवी होते. बागेच्या पश्चिमेला शेवरीची दाट रांग लावली, घड आले की झाडांना टेकू दिले, तर थोडं वाचतं. सगळं वाचत नाही. पडलेला कच्चा घड व्यापारी घेत नाही. वर आडवी खोडं कापून बाहेर काढायला मजूर लागतात, म्हणजे गेलेल्या पिकाला पुन्हा पैसे. वर्षभराचं पाणी, खत, कर्ज त्या पंधरा मिनिटांत गेलेलं असतं. शेजारच्याची बाग शाबूत असते, कारण वारा जरा तिरका गेला.

या माणसाला मागच्या जन्मीचं काहीतरी असेल असं सांगू नये. कर्माचा सिद्धांत स्वतःच्या हातात असला तर शिस्त देतो. दुसऱ्याच्या अंगावर फेकला की दगड होतो. ज्या वहीचं एकही पान कुणी पाहिलेलं नाही, तिच्यातली बाकी दाखवून त्याच्याकडून वसुली करण्यासारखं ते आहे. देव परीक्षा पाहतो हेही दुसऱ्याने म्हणायचं वाक्य नव्हे. ज्याची बाग पडली त्याने स्वतः म्हटलं तर त्यात बळ असतं. इकडची दारावर जाण्याची रीत या बाबतीत शहाणी आहे. दुःख झालेल्या घरी जायचं, दारापुढे अंथरलेल्या सतरंजीवर बसायचं, तंबाखू मळायची, पीकपाण्याचं दोन शब्द बोलायचं आणि उठायचं. तत्त्वज्ञान सांगायचं नाही. शेजाऱ्याच्या घरून पिठलं-भाकरी येते, कारण सुतकाच्या घरात चूल पेटत नाही.

आणि ज्याला जगणं खरोखरच असह्य झालं आहे, त्याच्यासाठी हा प्रश्न विचाराचा राहिलेला नसतो. रात्री दोन वाजता कर्जाचा आकडा पाहणारा माणूस तोलून-मापून ठरवत नसतो; वेदना त्याच्या वतीने बोलत असते. ती लाट बहुतेक वेळा ओसरते. ती ओसरेपर्यंत माणूस एकटा राहू नये आणि जीवघेणी वस्तू हाताशी असू नये, एवढं करणं घरच्यांच्या आवाक्यात असतं. फवारणीची औषधं घरात, खाटेखाली, माळ्यावर ठेवू नयेत. शेतातल्या खोलीत कुलपात ठेवावीत, किल्ली दुसऱ्याकडे. श्रीलंकेत १९९० नंतर सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि आत्महत्यांचं प्रमाण मोठं घटलं. शेती चालूच राहिली, गरिबी एका रात्रीत संपली नव्हती. माणसं मात्र वाचली. घरात कुणी गप्प झालं असेल, जेवण तुटलं असेल, वस्तू वाटून टाकत असेल, निरवानिरवीचं बोलत असेल, तर सरळ विचारावं: जीव द्यायचा विचार मनात येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. बोलायला वाट मिळते. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आत्महत्येने आलेल्या मरणाला परंपरा अपमृत्यू म्हणते आणि नारायणबळीचा विधी सांगते. विधीने मागे राहिलेल्यांच्या हातांना काम मिळतं, हे मी पाहण्याजोगं सत्य मानतो. पण त्या जिवाला गती नाही, तो भटकतो, घराला पीडा करील, अशी भीती घालून मागे राहिलेल्या बायकोकडून पैसे काढणं हे पाप आहे, आणि पाप हा शब्द मी पूर्ण अर्थाने वापरतो. आखाजीच्या उंबरठ्यावर त्याचंही बोट उमटलं पाहिजे, इतरांसारखंच, त्याच कुंकवाचं. त्याची तहान काही वेगळी नव्हती.

त्याच दिवशी गावात आणखी काय काय चाललेलं असतं ते पाहा. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या शेतमजुराचं, साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं ठरतं. पैसे किती, धान्य किती, उचल किती. गेल्या वर्षी काय सोसलं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं, आणि तरी तो दुसऱ्या सकाळपासून पुढच्या आखाजीपर्यंतचा शब्द देतो. सगळ्यांना हा शब्द मोकळेपणाने देता येत नाही. उचल अंगावर असली की तो द्यावाच लागतो, आणि त्याला श्रद्धा म्हणणं अन्याय होईल. सासरी गेलेल्या लेकी माहेरी आलेल्या असतात. लिंबाच्या फांदीला झोके बांधलेले असतात. झोका बांधताना फांदी हिरवी पाहावी, वाळकी लिंबाची फांदी न वाकता एकदम कडकन तुटते. दोर घासतो तिथे गोणपाट गुंडाळावं. त्या झोक्यावर ज्या गौराईच्या गाण्यांचा सूर चढतो, त्यांत सासूचा जाच असतो, लांबचं पाणी असतं, आईची आठवण असते. तक्रारच असते सगळी. ती म्हणताना झोका मात्र वर वर जात असतो.

एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतं. घागरीचं पाणी गार होतं ते तिच्या अंगातून थोडं थोडं पाणी बाहेर येऊन उडत राहतं म्हणून. मुंबईच्या दमट हवेत हे नीट होत नाही. खान्देशच्या कोरड्या, भाजणाऱ्या वाऱ्यात ते फार छान होतं. ऊन जितकं कडक आणि वारा जितका कोरडा, तितकं पाणी गार. वर्ष-दोन वर्षांत क्षार साचून मातीची छिद्रं बुजतात, म्हणून दर आखाजीला नवी घागर. काही घरांत पुजलेली घागर पाण्यासकट दान देतात. काही घरांत खरबूज चिरून वाटून झालं, सांजोऱ्या पोरांनी संपवल्या, की ती उचलून ओट्याच्या कोपऱ्यात तिवईवर ठेवतात, वर ओलं फडकं आणि झाकणी. वाळा तीन-चार दिवसांनी बदलायचा, नाहीतर पाण्याला वास येतो. मृग लागेपर्यंत, शेतातून येईल तो आधी तिच्याकडे जातो.